रंग जुळवणाऱ्यांचं हैदराबाद

चारमिनारपासून जवळच, छत्ता बाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्यांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी अशा सगळ्या भाषांतल्या पत्रिका तिथे तयार होतात आणि सगळ्या भाषांच्या गिऱ्हाइकांची मागणी एकच असते: दुकानातल्या कॉम्प्युटरवर दाखवलात तोच लाल कागदावर आला पाहिजे. आता डिझाइन करणाऱ्याच्या मॉनिटरवर तो कुंकवाचा लाल असतो, प्लेटवाल्याच्या मॉनिटरवर विटकरी होतो आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर त्याची तिसरीच छटा दिसते. फाइल एकच, तिच्यातले आकडेही तेच. तरी तीन माणसं तीन लाल बघत असतात, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो.

प्रीप्रेसच्या, म्हणजे छपाईआधीच्या कामात माझी उमेदीची वर्षं याच शहरात गेली. काचीगुड्यातल्या मराठी घरातून निघून लकडी का पूलच्या बाजूला कामाला जायचं, दिवसभर रंग बघायचे, हा माझा क्रम होता. त्या कामानं मला एक गोष्ट पक्की शिकवली. दोन मॉनिटर एकमेकांकडे बघून जुळवता येत नाहीत. एकाला दुसऱ्याकडे ओढत बसलं की दोन्ही भरकटतात. दोघांनाही जागचा न हलणारा एक तिसरा आधार लागतो. हैदराबादेत रंगावर पोट भरणाऱ्या प्रत्येक पिढीनं आपापला असा आधार शोधला. तो इतिहास कॉम्प्युटरच्या पुष्कळ आधी सुरू होतो.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८८६ साली सिकंदराबादेत स्टुडिओ थाटला. पडद्यातल्या स्त्रियांसाठी १८९२ साली त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओही काढला. त्या काळच्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देत. त्यामुळे निळा कपडा जवळजवळ पांढरा उमटे आणि लाल पगडी काळी पडे. अशा छायाचित्रावर हातानं रंग भरायचे, तर चित्रात बघून काहीच कळणार नाही. समोर बसलेल्या माणसाच्या शेरवानीचा, शालूचा, डोळ्यांचा रंग त्याच वेळी टिपून ठेवावा लागे. छायाचित्र आणि रंगारी यांच्यामध्ये ते टिपण असे. तिसऱ्या आधाराचं मला माहीत असलेलं सगळ्यात जुनं रूप तेच.

छपाई रंगीत झाल्यावर प्रश्न शाईपाशी आला. मशीनमन काचेवर शाई घोटायचा, सुरीनं थोडी पिवळी, थोडी किरमिजी मिसळायचा, बोटानं कागदावर ठिपका ओढायचा आणि नमुन्याशेजारी धरून खिडकीकडे जायचा. खिडकीकडे जाण्याला कारण होतं. ट्यूबलाइटच्या उजेडात शाई आणि साडीचा तुकडा अगदी एक दिसतात आणि उन्हात नेल्यावर फारकत घेतात. शाईची रंगद्रव्यं वेगळी, रेशमाचा रंग वेगळा. एका दिव्याखाली दोन्हींकडून परत येणारा प्रकाश डोळ्याला सारखा वाटतो, दुसऱ्या दिव्याखाली तसं होत नाही. पत्रिकेचा रंग साडीशी जुळवून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं आजही छत्ता बाजारात येतात, आणि जाणता दुकानदार त्यांना आजही दुकानाबाहेर उन्हात घेऊन जातो. पुढे छपाईच्या जगानं रंग तपासण्यासाठी ५००० केल्विनचा प्रमाण उजेड ठरवला. खिडकीचं काम त्या दिव्यानं घेतलं.

१९६२ साली सुरू झालेल्या ‘प्रगती’ या छपाईसंस्थेनं हैदराबादच्या छपाईचं नाव देशाबाहेर नेलं. उत्तम रंगीत छपाई म्हणजे मुंबई किंवा शिवकाशी, हा समज मोडायला तिचा मोठा हातभार लागला. पुढच्या काळात ड्रम स्कॅनर आले. रंगीत ट्रान्स्परन्सी, म्हणजे छायाचित्राची फिल्म, पारदर्शक नळकांड्यावर चिकटवायची, नळकांडं वेगानं फिरायचं, प्रकाशाचा बारीक ठिपका चित्राचा कण न् कण वाचायचा आणि चार शाईंच्या चार फिल्म निघायच्या. पुष्कळ स्कॅनरांवर चित्र दाखवणारा पडदाच नव्हता. ऑपरेटरसमोर असायचे ते निरनिराळ्या शाईंचे टक्के. रंग डोळ्यांना न दिसता आकड्यांतून ओळखायचा.

मला ज्यांनी काम शिकवलं ते उस्ताद याच पिढीतले. निळसर शाई ५० टक्के असेल तर किरमिजी आणि पिवळी ४०-४० च्या आसपास ठेव, म्हणजे करडा करडाच राहील, हा त्यांचा पहिला धडा. पिवळी आणि किरमिजी दोन्ही पूर्ण भरल्या की पत्रिकेचा तेजस्वी लाल मिळतो. त्यात निळसर शाई थोडी जरी घुसली की तो मरून व्हायला लागतो. माणसाच्या कातडीत पिवळी किरमिजीपेक्षा जराशी वरचढ हवी. परदेशी पुस्तकांत कातडीचे जे टक्के दिलेले असत, ते गोऱ्या चेहऱ्यांचे. आपल्या माणसांना निळसर शाई जास्त लागते, नाहीतर नवरी तापानं फणफणल्यासारखी दिसते. चित्र पाहायच्या आधी ते मला म्हणायचे, “बेटा, पैले सफेदी देखो, बाद में राख का रंग देखो. लाल-हरा सबसे आखिर में.” पांढरा आणि करडा जागेवर असले तर बाकीचे रंग बहुतेक वेळा आपसूक जागेवर येतात, हे त्या वाक्यातलं सार. मॉनिटर जुळवण्याची आजची सगळी विद्या त्यात आहे.

पडद्यावरच्या रंगाची गोष्ट मात्र दूरदर्शन संचापासून सांगायला हवी, आणि त्यातही हैदराबादचं नाव येतं. अणुऊर्जा खात्याखाली १९६७ साली इथे ईसीआयएल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, उभी राहिली. तिच्या ईसी टीव्हीनं कित्येक घरांत पहिल्यांदा चित्र दाखवलं. १९८२ साली आशियाई खेळांच्या निमित्तानं देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि कोठीच्या गुजराती गल्लीत सुटे भाग विकणाऱ्यांच्या, दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती नवं काम आलं.

पिक्चर ट्यूबमध्ये लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांसाठी तीन इलेक्ट्रॉन गन असत. त्या सारख्या गतीनं म्हाताऱ्या होत नसत. एखादी लवकर थकली की सगळं चित्र हिरवट किंवा पिवळट होई. कारागीर आधी रंगाचं बटण शून्यावर आणायचा. चित्र काळंपांढरं झालं की त्यात कुठल्या रंगाची झाक राहिली आहे ते उघड दिसे. मग मागचं झाकण काढून ट्यूबच्या मानेवरच्या पट्टीतले स्क्रू फिरवायचे: अंधाऱ्या भागातला करडा आधी, उजळ भागातला पांढरा नंतर. एक नीट केला की दुसरा थोडा बिघडे, म्हणून पुन्हा पहिल्याकडे. आज मॉनिटरवर मापकयंत्र लटकवून सॉफ्टवेअर जे करतं ते नेमकं हेच आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्याच्या पायऱ्या दाखवायच्या आणि प्रत्येक पायरीवर तिन्ही रंगांचा तोल मोजायचा. गुजराती गल्लीतल्या त्या माणसांचा आधार होता तो बिनरंगी करडा.

त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला, बालानगरला, रंग फार वेगळ्या कारणासाठी तपासले जात होते. १९७४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था, आताचं एनआरएससी, उपग्रहांची चित्रं वाचण्याचं काम करते. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए अवकाशात गेला आणि आपल्याच उपग्रहाची चित्रं नियमित येऊ लागली. या चित्रांत डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण लाल रंगात दाखवण्याची पद्धत आहे. हिरवी पानं अवरक्त किरण भरपूर परतवतात, त्यामुळे जोमदार पीक लालभडक दिसतं. इथे ओळखीच्या रंगाची मदत नाही. आकाश निळं, गवत हिरवं, या आठवणीवर पारख करता येत नाही. लालाची छटा बदलली तर ती पिकामुळे बदलली की छपाईमुळे, पडद्यामुळे, हे आधी ठरवावं लागतं. रंग हा जिथे पुरावा असतो तिथे तो स्थिर ठेवणं हे सौंदर्याचं काम उरत नाही, ती सचोटीची बाब होते. बालानगरच्या कामाबद्दल मला नेहमी आदर वाटत आला तो यामुळे.

नव्वदीच्या दशकात छपाईच्या टेबलांवर कॉम्प्युटर आले आणि दोन मॉनिटरांचं भांडण घरोघरी पोचलं. सिकंदराबादच्या पार्क लेनमधलं चेनॉय ट्रेड सेंटर हा या मालाचा मोठा बाजार. चांगल्या प्रेसमध्ये फोटोच्या कामाला मॅक असे, भाषेच्या कामाला विंडोजचा पीसी. उर्दूचं इनपेज हे सॉफ्टवेअर विंडोजवरच चाले. त्यामुळे एकाच मासिकाचा फोटो मॅकवर सुधारला जाई आणि त्याचं पान पीसीवर लागे. दोन यंत्रांच्या पडद्यांची मूळ बैठकच निराळी होती. मधल्या करड्या छटा किती उजळ दाखवायच्या हे गॅमा नावाच्या आकड्यावर ठरतं. मॅकचा गॅमा १.८ होता, पीसीचा २.२ च्या आसपास. मॅकवर नीट केलेला चेहरा पीसीवर गडद, उग्र दिसायचा. फोटोवाला म्हणायचा पानवाल्यानं बिघडवलं, पानवाला म्हणायचा फोटोच काळा आला. दोघंही प्रामाणिक होते. ॲपलनं २००९ साली मॅकच्या स्नो लेपर्ड या प्रणालीबरोबर २.२ स्वीकारला, तोवर हा तंटा चालू राहिला.

त्यात भर म्हणून पांढऱ्याचा घोळ होता. बाजारातून आलेले बरेच मॉनिटर ९३०० केल्विनवर लावलेले असत. तो पांढरा निळसर आणि झगझगीत, दुकानात उठून दिसणारा. शेजारी ६५०० वर लावलेला मॉनिटर ठेवला की तो मळकट, पिवळा वाटे. छपाईचा दिवा आणखी पिवळा, ५००० चा. तिघांतला खरा पांढरा कुठला, या प्रश्नाला तेव्हा कुठल्याच खोलीत उत्तर नव्हतं, कारण डोळा फार लवकर सरावतो. पाच मिनिटं एकाच पडद्याकडे बघा, तोच पांढरा वाटायला लागतो.

उत्तराची जुळवाजुळव मात्र जगात सुरू झाली होती. १९९३ साली आयसीसी ही आंतरराष्ट्रीय रंग समिती स्थापन झाली. प्रत्येक यंत्राचा स्वभाव एका छोट्या फाइलमध्ये, प्रोफाइलमध्ये, लिहून ठेवायचा आणि यंत्रायंत्रांतला व्यवहार एका तटस्थ रंगमापाच्या मध्यस्थीनं करायचा, ही तिची कल्पना. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी साध्या मॉनिटरांसाठी एसआरजीबी हे समान माप सुचवलं. १९९८ साली फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीनं प्रोफाइल वापरायला सुरुवात केली. उस्तादांचे टक्के आणि कोठीच्या कारागिराचा करडा आता आंतरराष्ट्रीय करारात जाऊन बसले होते.

२००० साली हैदराबादच्या रंगकामात मराठी माणसं मोठ्या संख्येनं आली. त्या वर्षी सुरू झालेली ईटीव्ही मराठी ही वाहिनी रामोजी फिल्म सिटीतून चालायची. महाराष्ट्रातून आलेली वार्ताहर, संकलक, ग्राफिक्सवाली मुलंमुली दिलसुखनगर, वनस्थळीपुरमकडे राहायची. मराठी ग्रंथसंग्रहालयात, विवेकवर्धिनीच्या कार्यक्रमांत ती भेटायची आणि गप्पा पडद्यांवर यायच्या. दूरचित्रवाणीच्या लोकांकडे आमच्यापेक्षा पक्की शिस्त होती. ते मॉनिटरवर रंगपट्ट्या आणून, फक्त निळा रंग चालू ठेवून रंगाची तीव्रता बसवत. व्हेक्टरस्कोप नावाच्या यंत्रावर रंगांची जागा काटेकोर दिसे. त्यावर माणसाच्या कातडीसाठी एक रेषा मानलेली आहे. गोरा, सावळा, काळा असा कुठलाही चेहरा असो, तो त्या रेषेच्या आसपासच पडतो. फरक असतो तो उजळपणाचा आणि तीव्रतेचा. कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं एकच. परदेशी पुस्तकांतले टक्के आमच्या चेहऱ्यांना का चालत नव्हते आणि तरी उस्तादांचं प्रमाण का चालत होतं, ते मला त्या रेषेमुळे उमगलं.

इथल्या तेलुगू सिनेमानं प्रश्न आणखी मोठा केला. ‘बाहुबली’चा पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१७ मध्ये आला. अशा चित्रपटाची दृश्यं अनेक गावांतल्या अनेक स्टुडिओंत वाटली जातात. कुणी धबधबा करतं, कुणी सैन्य, कुणी आकाश. सगळे तुकडे जोडल्यावर उजेड एकाच सूर्याचा वाटला पाहिजे. त्यात चित्रपटगृहाचा पडदा निराळा. त्याचा पांढरा चौरस मीटरला फक्त ४८ कँडेला तेजाचा, भोवती काळोख, गॅमा २.६ आणि रंगांचा पल्ला एसआरजीबीपेक्षा मोठा. ऑफिसातला मॉनिटर त्याच्या दुपटीहून उजळ, भोवती ट्यूबलाइट. म्हणून प्रत्येक स्टुडिओला ठरवून दिलेली, रंगांच्या रूपांतराच्या तक्त्याची फाइल आणि मोजून लावलेला मॉनिटर लागतो. शेवटची पारख प्रोजेक्टरसमोर अंधाऱ्या खोलीतच होते.

इतकं सगळं करूनही एक कोडं उरतं, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात विलक्षण भाग तोच आहे. दोन मॉनिटर एकाच मापकयंत्रानं मोजले, दोघांचा पांढरा आकड्यांत तंतोतंत एक आला, आणि तरी शेजारी ठेवल्यावर एक हिरवट, एक गुलाबीसर दिसतो. यंत्र नादुरुस्त नसतं. आपण ज्या ‘प्रमाण डोळ्या’नं मोजतो तो १९३१ साली ठरला. ब्रिटनमध्ये राइट आणि गिल्ड यांनी मिळून १७ माणसांच्या नजरेची मोजमापं घेतली होती, त्यांची सरासरी म्हणजे हा डोळा. निळ्या भागात तो थोडा उणा पडतो, हे जड नावाच्या संशोधकानं १९५१ साली दाखवून दुरुस्ती सुचवली, पण जुनंच माप चालू राहिलं. जुन्या काचेच्या ट्यूबा एकमेकींसारख्या होत्या, म्हणून ही उणीव झाकली गेली. आता एका मॉनिटरमागे साधा एलईडी असतो, दुसऱ्यामागे मोठ्या पल्ल्याचा, तिसरा ओएलईडी. तिघांचा पांढरा वेगवेगळ्या किरणांच्या मिश्रणातून बनतो. प्रमाण डोळ्याला ती मिश्रणं सारखी, तुमच्या-माझ्या डोळ्यांना नाहीत. त्यात वयाप्रमाणे डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा कमी पोचतो. माझ्याशेजारी बसलेल्या पंचविशीतल्या मुलीला जो पांढरा दिसतो, तो मला दिसत नाही. वाद घालून हे मिटत नाही.

म्हणून ज्यांना दोन मॉनिटर शेजारी ठेवून काम करायचं आहे त्यांना मी एक क्रम सांगते. शक्य असेल तर एकाच जातीचे मॉनिटर घ्या. खोलीचा उजेड आधी ठरवा. खिडकीतून येणारं ऊन, रंगीत भिंत, पडद्यावर पडणारी चकाकी काढून टाका. मॉनिटर अर्धा तास तापू द्या. दोघांचं तेज चौरस मीटरला १०० ते १२० कँडेलाच्या दरम्यान एकाच आकड्यावर आणा, पांढरा ६५०० केल्विनचा आणि गॅमा २.२ चा ठेवा. एकाचा रंगपल्ला मोठा असेल तर त्याला एसआरजीबीवर बांधून घ्या, कारण लहान पल्ल्याचा मॉनिटर मोठ्या पल्ल्याचे रंग दाखवू शकणार नाही. मग मापकयंत्रानं दोघांचं स्वतंत्र प्रोफाइल करा. एवढं झाल्यावर दोघांवर बिनरंगी करडा आणा आणि शेजारी बसून बघा. अजून झाक दिसली तर दुसऱ्या मॉनिटरचा पांढरा नजरेनं जुळवून घ्या आणि पुन्हा मोजा. त्या शेवटच्या पायरीवर आकड्यापेक्षा डोळ्याला मान आहे. आणि काम कागदावर जाणार असेल तर ५००० केल्विनच्या दिव्याखालचं प्रूफ हाच शेवटचा शब्द. मॉनिटर कितीही महाग असो.

ही विद्या हैदराबादेत ज्यांनी आणली, त्यांतले पुष्कळ जण आता निवृत्त झाले आहेत. ड्रम स्कॅनर भंगारात गेले, पिक्चर ट्यूबा गेल्या, गुजराती गल्लीत आता वेगळा माल विकला जातो. यंत्रांच्या कंपन्यांचा इतिहास लिहिलेला सापडतो. टक्क्यांवरून रंग ओळखणाऱ्या ऑपरेटरांचा, शाई घोटणाऱ्या मशीनमनचा, ट्यूबची सफेदी बसवणाऱ्या कारागिरांचा लिहिलेला नाही. त्यांचं ज्ञान उर्दूत, तेलुगूत, मराठीत आणि दखनीत आहे, आणि ते फक्त त्यांच्या तोंडी आहे. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचं ‘पंचधारा’ हे नियतकालिक आहे, इथली ग्रंथालयं आहेत, मुद्रण शिकवणाऱ्या संस्था आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: या माणसांना गाठा, त्यांच्या समोर बसा, त्यांची प्रमाणं आणि कृती लिहून घ्या. वाचकांपैकी कुणाच्या घरात असा कुणी वडीलधारा असेल, तर हे काम आजच सुरू करा. वही आणि पेन एवढंच त्याला लागतं.